मत्तवारणीचं भांडण

मन्मथ,

परवा तुला मातीत बसवलं. तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं करत नाहीत, बसवतात, हे मला ठाऊक होतं. पण कपाळाला भस्म लावून, हातात लिंग घेऊन तू तसा बसलेला दिसलास आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हा इथंही वर्ग घ्यायला बसलाय. उदगीरचा तो माळ माणसांनी भरला होता आणि सगळ्यांची तोंडं तुझ्याकडं. तुझे विद्यार्थी, मोंढ्यातले आडते, तुझ्या शाळेचा म्हातारा शिपाई. जो तो शेजारच्याला तुझी एकेक गोष्ट सांगत होता. मी तुझा वीस वर्षांचा मित्र, मला कुणी काही विचारलं नाही. माझी सुनंदा, माझी एकुलती लेक, पार्वतीवहिनींच्या गळ्यात पडून अशी रडली की मी गेल्यावर ही एवढी रडेल का, हे मी तिथं उभ्या उभ्या ताडून बघितलं.

लाज वाटली. पण बघितलं.

लोक तुझ्यावर लिहितील, छापतील. त्यात तू थोर असशील. माझ्याच्यानं तसं होणार नाही. मला तुझा हेवा वाटायचा, मन्मथ. पहिल्या आठवड्यापासून वाटायचा आणि तू गेलास तरी तो गेलेला नाही. तेवढं तुला सांगावं म्हणून बसलोय.

आपली गाठ बहात्तरच्या दुष्काळात पडली. मी नांदेडकडचा, उमरीचा. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून नवाच चिकटलेलो. उदगीरच्या अलीकडं खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं आणि मला तिथं टाकलं. तू उदगीरच्या हायस्कुलात संस्कृतचा मास्तर. बापाची भरली आडत सोडून पोरांकडून रूपं घोकून घेणारा म्हणून मोंढ्यात लोक तुला हसायचे. पाण्यावाचून शाळा लवकर सुटली आणि तू आपणहून कामावर हजेरी लिहायला आलास.

मी खाणीच्या कडेला उभा राहून नावं पुकारायचो. ओरडून ओरडून घसा फाटायचा आणि तरी निम्म्या बाया म्हणायच्या, "आमचं नाव घेतलंच न्हाई साहेबानं." तू आलास, खाणीच्या तळाला उतरलास, इकडं तिकडं फिरलास, एका जागी थांबलास आणि नुसतं बोलल्यासारखं नाव घेतलंस. पार वरच्या कपारीत बसलेली बहिरट म्हातारी "हाव, हाय मी" म्हणाली.

मला वाटलं, माणसं याचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. तेही खरंच होतं. पण तू जागा शोधली होतीस.

चौथ्या दिवशी, मजुरांना दुपारची सुकडी खायला वाटून झाल्यावर, तू मला म्हणालास, "साहेब, जरा टेप घेऊन खाली या. ही खाण न्हाई. हे नाट्यगृह हाय."

मग तू सांगत बसलास. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रात नाटकाचं घर डोंगरातल्या गुहेसारखं बांधायला सांगितलंय. वारा आत घुसू नये, शब्द घुमून मागच्यापर्यंत जावा. आकार तीन: लांबट, चौरस आणि त्रिकोणी. माणसांसाठी चांगलं म्हणजे चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद. त्याहून मोठं केलं तर शब्द फाटतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचं मागच्याला दिसत नाही. निम्म्यात प्रेक्षक, निम्म्यात खेळ. खेळाच्या निम्म्यात परत दोन भाग, मागं नटांची खोली आणि पुढं रंगमंच.

मी चार महिने त्या खाणीत होतो. मला तिथं फक्त खडीचे ब्रास दिसले होते.

म्हणून तुला अडवायला मी विचारलं, "हात म्हणजे कुणाचा हात? तुझा का माझा?"

तू क्षणभरही थांबला नाहीस. गंगाबाईला हाक मारलीस. चाळिशीची बाई, सगळ्या कामावर तिच्याइतकी खडी कुणी फोडत नव्हतं. तिचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरीनं मोजलास आणि म्हणालास, "या जागेवर हात हिचाच." शास्त्रातल्या हातापेक्षा तो चांगला इंचभर आखूड होता. मी तसं म्हणालो. तू म्हणालास, "मग नाट्यगृह तेवढं आखूड बांधू."

असलं उत्तर मला कधी सुचणार होतं?

टेप तू चालू दिली नाहीस. पांढरी सुती दोरीच हवी, आणि मोजताना ती तुटली तर कुणाकुणाचा नाश होतो याची शास्त्रात यादीच आहे, हे तू सगळ्यांना मजेत सांगितलंस. गंगाबाई दोरीचं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "वढा मास्तर, बिनघोर वढा. आमचं काय तुटायचं ऱ्हायलंय आता?"

पुढं तू खांबांवर आलास. कुठल्या रंगाच्या खांबाशी कुठल्या वर्णाच्या माणसांनी बसायचं, ते तू जसंच्या तसं वाचून दाखवलंस. दुसरा कुणी असता तर ते पान उलटून गेला असता. एक जण म्हणाला, "अन् आमी कुटं बसायचं म्हनतंय तुमचं पुस्तक?"

तू म्हणालास, "हे लिवलंय म्हणून वाचलं. हे आपण बांधायचं न्हाई."

"बांधायचं का न्हाई ते तुमी कोन ठरवनार?" गंगाबाई म्हणाली. "दगुड आमी फोडलाय. कोन कुटं बसंल ते आमी बघू."

तुझा चेहरा उतरला आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. पण पुढल्याच मिनिटाला तू हात जोडून म्हणालास, "बाई, बरोबर हाय तुमचं," आणि ती सगळी माणसं आणखीच तुझी झाली. तू हरलास तरी जिंकायचास.

मत्तवारणीचं भांडण त्याच दुपारचं. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना तू दोन चौकोन आखलेस आणि म्हणालास, "या मत्तवारणी. दीड हात उंच, चार खांबांचे ओटे." तो शब्द मला ठाऊक होता. एका जुन्या देवळाच्या दुरुस्तीवर मी काम केलं होतं. सभामंडपात दगडी बाकाला पाठ टेकायला तिरका कठडा असतो, त्याला तिथला कारागीर मत्तवारण म्हणायचा. मी म्हणालो, "ओटा नाही. तो कठडा आहे. दीड हात ही कठड्याचीच उंची."

"खांब कशाला मग कठड्याला?"

"छपराला नको का?"

तू हसलास. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "ओव्हरसियर, आधी मूळ वाच. मग बोल."

तू हे विसरून गेला असशील. मी वीस वर्षं विसरलो नाही.

पंधरा दिवसांत जेवणाच्या सुट्टीतल्या सुट्टीत त्या माणसांनी खाणीत पायऱ्या रचल्या आणि मुरमाचा रंगमंच केला. दोन्ही बाजूंना तुझे ओटेही झाले. दिवसभर घण मारलेली माणसं सुट्टीत पुन्हा दगड उचलत होती आणि त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग एका संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, त्यांनी सोंग केलं. काय करणार, ते तुलाही ठाऊक नव्हतं, असं तू शपथेवर सांगितलंस. गंगाबाई डोक्याला टोपी आणि हातात दोरी घेऊन बाहेर आली. खडीच्या ढिगाला तिनं पायानं दाबून बघितलं, नाक वर केलं आणि माझ्या आवाजात म्हणाली, "बसलेला न्हाई. ढीग बसलेला न्हाई. उद्या या."

मजुरीचं माप घेण्याआधी पायानं ढीग दाबायची सवय मला होती, हे मला तेव्हा कळलं. खाणभर हशा. तिचा एकेक शब्द शेवटच्या पायरीवर माझ्यापर्यंत स्वच्छ आला. तुझी मापं बरोबर होती. आणि हसणाऱ्यांत तू होतास.

मी उठून तंबूत निघून आलो. मागोमाग तू. तू कनातीला टेकून बसलास आणि गोष्ट सांगू लागलास. पहिलं नाटक देवांनी केलं, ते उघड्यावर. त्यात दैत्यांचा पराभव दाखवला होता. दैत्य बघायला बसलेले. ते चिडले आणि त्यांनी नटांची वाचाच बंद केली. तेव्हा देवांच्या मिस्त्रीला बोलावून नाटकाचं पहिलं घर बांधून घेतलं. "म्हंजे बघ," तू म्हणालास, "चिडलेल्या प्रेक्षकामुळं नाट्यगृह जन्माला आलं. तुझ्यामुळं."

"मी दैत्य का?"

"आज तू हायस. उद्या मी असंन. ब्रह्मदेवानं दैत्यांना काय सांगितलं? हे एकट्या तुमचं न्हाई, सगळ्यांचंच दाखवायचं हाय. चल. गंगाबाई तुझी वाट बघून राहिलीय. साहेबाला लई लागलं का, इचारत होती."

मी गेलो. तिनं मला सुकडी दिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "राग मानू नगा." मी हसलोसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून मी ढिगाला पाय लावला नाही. माणूस म्हणून मला त्या कामावर कुणी सुधारलं असेल तर तू आणि गंगाबाईनं. पण उपकाराची एक गंमत असते, मन्मथ. ज्याचे होतात त्याच्यावरच जास्त जळायला होतं.

दहा वर्षांनी उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला. माझी बदली लातूरच्या कचेरीत झाली आणि तूही इथल्या कॉलेजात आलास. गाव नुसतं फुगलं होतं. रोज कुठल्यातरी दारावर नवी पाटी लागायची, रोज कुणीतरी काहीतरी स्थापन करायचं. नव्या जिल्ह्याला खुलं नाट्यगृह हवं म्हणून गावातल्या हौशी मंडळींनी बैठक घेतली. नकाशे काढायला मला बोलावलं, बोलायला तुला. तू कृष्णेकाठी जमिनीखाली सापडलेल्या पायऱ्यांच्या जुन्या प्रेक्षागाराबद्दल बोललास, सरगुज्याच्या डोंगरात कोरलेल्या रंगगुहेबद्दल बोललास, आणि शेवटी म्हणालास, "मला हे सगळं एका खाणीत कळलं." टाळ्या पडल्या. माझा नकाशा टेबलावर पसरलेला होता, त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

नाट्यगृह झालं नाही. नव्या जिल्ह्याला आधी पाण्याच्या टाक्या हव्या होत्या आणि त्या मीच बांधल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या कपाबद्दल आहे.

त्याच आठवड्यात मी संस्कृत शिकायला लागलो.

हे तुला माहीत नाही. जुन्या गावात एक निवृत्त शास्त्रीबुवा होते. पहाटे फिरायला जातो सांगून मी त्यांच्याकडं जायचो. चाळिशीला टेकलेला माणूस, पोरांच्या रूपावलीचं पुस्तक पिशवीत, वर भाजी. बायकोला एकदा ते सापडलं. "आता काय संन्यास घेता का?" म्हणाली. मी म्हणालो, "एकाला हरवायचंय." तिला वाटलं कचेरीतलं काही असेल.

आणि त्याच वर्षांत सुनंदा तुझ्याकडं यायला लागली. नववीतली पोर. शाळेच्या संस्कृतसाठी म्हणून आली, तुला अप्पाकाका म्हणायला लागली आणि अप्पाकाकांचीच झाली. जेवताना अप्पाकाका असं म्हणाले, झोपताना अप्पाकाका तसं म्हणाले. ती बाहेरच्या खोलीत तू दिलेला धडा घोकायची आणि आत दार लावून मी तोच धडा मनात घोकायचो. एकदा ती चुकली. मला आतून कळलं. उठून सांगावंसं वाटलं, दाराच्या कडीला हातही लावला. परत बसलो. दुसऱ्या दिवशी तू तिला ते सांगितलंस आणि तिनं घरी येऊन तुझं कौतुक केलं.

पुढं तिनं प्रबंधाला विषय घेतला तो जुन्या नाट्यगृहांच्या रचनेचा. त्यातला एकेक नकाशा मी काढला, कचेरीतून आल्यावर, डोळे चोळत. सरगुज्याची गुहा बघायला तू, वहिनी आणि ती गेलात. मला रजा मिळाली नाही. तिथल्या मापांचे कागद तिनं आणले, त्यावरून मी न बघितलेल्या गुहेचं चित्र काढलं. ओट्यावरच्या खांबांची भोकं तुमच्या कागदांवर दोन ठिकाणी वेगवेगळी होती. दुरुस्त करताना मला आसुरी आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

खरोशाच्या लेण्यांत मात्र आपण तिघं गेलो. मी टेप धरली होती, सुनंदा आकडे लिहीत होती. तू आत अंधारात गेलास, खांबांच्या मधे उभा राहिलास आणि खाणीत नावं घ्यायचास तशा साध्या आवाजात एक श्लोक म्हटलास. सगळा डोंगर ऐकत होता. सुनंदाच्या हातातली पेन्सिल थांबली. तिचा चेहरा मी बघितला. मी कधी तिच्यासाठी काही केलं आणि तिनं तसं बघितलं, असं झालेलं मला आठवेना. त्या श्लोकाचा अर्थ मला पूर्ण लागला होता. शब्दन् शब्द. मी टेप गुंडाळली आणि म्हणालो, "चला, ऊन होईल."

प्रबंध बांधून आला. पहिल्या पानावर एकच ओळ. तो तुला अर्पण होता. माझं नाव नकाशांच्या यादीखाली, बारीक अक्षरात. सुनंदा म्हणाली, "बाबा, तुम्ही तर घरचेच."

आता मूळ. ते मी वाचलं, मन्मथ. पाच-सहा वर्षं लागली. मत्तवारणीचे श्लोक यायचे त्या दिवशी मी अर्धा तास आधीच जाऊन बसलो. तिथं पहिल्या ओळीत ती रंगमंचाच्या "बाजूला" आहे, एकवचनात. एकच! मी शास्त्रीबुवांच्या ओसरीवर मांडी थोपटली. बुवा म्हणाले, "पुढं वाचा." पुढं, रंगमंचाची उंची सांगताना, शब्द येतो "त्या दोघींच्या". द्विवचन. म्हणजे दोन होत्या, तुझंच खरं. पण त्या ओटे होत्या का कठडे, ते कुठंच सांगितलेलं नाही. तुझं निम्मं, माझं निम्मं. यासाठी मी एवढी वर्षं पहाटे उठलो होतो.

आणि तरीही तुला सांगितलं नाही.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझे पाय सुजले होते आणि आवाज मात्र तोच होता. वहिनी बाहेर गेल्या. तू विचारलंस, "ओव्हरसियर, मूळ वाचलंस का रे कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"वाच की. तू वाचलंस तर माझी पंचाईत हाय. मला एकट्याला लई कंटाळा येऊन राहिलाय जिंकून जिंकून."

मी उशी सारखी केली. "हो" म्हणालो असतो तर तू उठून बसला असतास. खूश झाला असतास, सगळ्या वॉर्डाला सांगितलं असतंस, मला जवळ घेतलं असतंस. आणि त्या घडीला मी तुझा आणखी एक विद्यार्थी झालो असतो. तुला तेवढे होते की. मला तुझ्या समोरच्या बाजूला राहायचं होतं. आठ दिवसांनी तू गेलास. तुझा तो कंटाळा मी घालवू शकलो असतो, हे आता मला पुरेल तेवढे दिवस छळणार आहे.

काल रात्रीच्या जेवणाला सुनंदानं पुस्तकाचा विषय काढला. प्रबंधाचं पुस्तक करताना तुझ्या आठवणीसाठी मत्तवारणीवर वेगळं टिपण जोडायचं म्हणाली. "दोन्ही अंगांचे ओटे. अप्पाकाकांचंच मत शेवटचं म्हणून देणार."

मी म्हणालो, "निम्मं चुकलं होतं त्याचं."

तिनं अशी मान वर केली, जणू मी तुझ्या समाधीवर पाय ठेवलाय. "बाबा, आज तरी नको."

"दोन होत्या, मान्य. पुढच्या ओळीत द्विवचन आहे. पण ओटे कशावरून?"

तिचा घास हातातच राहिला. "द्विवचन तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं."

"संस्कृत?"

"हो."

"कधीपासून?"

"तू नववीत होतीस."

बायको आमटी वाढता वाढता थांबली. तिला पिशवीतलं पुस्तक आठवलं असावं. सुनंदा म्हणाली, "मग मला का शिकवलं नाहीत?"

"तू त्याच्याकडं जायचीस."

ती रडेल असं वाटलं. ती रागावली. ताट पुढं सरकवून म्हणाली, "कठडा म्हणता? मग पुढचं काय? रंगमंच त्या दोघींइतकाच उंच करा म्हटलंय. रंगमंच कठड्याइतका उंच असेल तर तो कठडा कशाचा? अडवणार काय?"

"उंची जमिनीपासून मोजली तर. कठड्याची उंची बैठकीपासून मोजतात. चार देवळं बांधलेल्या कारागिराला विचार."

"ग्रंथात बैठक कुठं आहे?"

"ओटा तरी कुठं आहे?"

तिनं ताटात आमटीच्या बोटानं रंगमंच काढला. मी भाकरीचे तुकडे मोडून खांब केले. तिनं दोन खांब उचलून दुसरीकडं ठेवले. मी परत आणले. ती ओरडली, मी ओरडलो. भाकरी गार झाली, बायकोनं ताटं उचलायची सोडून दिली. वीस वर्षांत ही पोर माझ्याशी कधी भांडली नव्हती. माझं म्हणणं तिनं नेहमी आदरानं ऐकून घेतलं होतं. काल तिनं मला तीनदा "चूक" म्हटलं.

तू असतास तर हे भांडण ती तुझ्याकडंच घेऊन आली असती. तू नाहीस म्हणून ते माझ्या ताटात पडलं. तुला जाऊन चार दिवस झाले नाहीत, मन्मथ, आणि मी काल सुखानं झोपलो. माफी कशी मागायची ते कळत नाही, कारण ते सुख मला परत द्यायचं नाही.

आज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर पुन्हा बसू म्हणालीय. मी दुपारपासून तयार होऊन बसलोय.